पद्मजाताईंचे उपाशी वाल

पद्मजा टिपणीस यांच्याशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस आमच्या सोसायटीत भेटला, तर तो काल राहायला आलाय असं खुशाल समजावं. उद्या होईल. माझं त्यांच्याशी पहिलं भांडण एका खिळ्यावरून झालं. खिळा माझा, भिंत दोघांची, आणि दुपारची झोप त्यांची. मी दुसरा ठोका मारतोय तोवर त्या माझ्या दारात उभ्या.

"तू माणूस आहेस की सुतारपक्षी? सुतारपक्ष्याला निदान आत किडा तरी मिळतो!"

मी खिळा उपटला. आमचं कॅलेंडर तेव्हापासून फ्रिजवर आडवं पडलेलं असतं आणि एकादशी कधी आहे हे बघायला बायको मान वाकडी करते.

बाई साठीच्या किंचित अलीकडे, उंचीने बेताच्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. आवाज मात्र पूर्ण उंचीचा. बालपण घाटकोपरला दोन खोल्यांत, पाच भावंडांत गेलं. शेवटची पोळी कुणाची यावर त्या घरात रोज सुनावणी व्हायची आणि पद्मजाताई रोज जिंकायच्या. घर सीकेपी, त्यामुळे रविवारी वालाचं बिरडं. शनिवारी मोड आलेले वाल सोलत बसायची शिक्षा सगळ्यात जास्त भांडणाऱ्या मुलीला मिळायची, म्हणजे कुणाला ते सांगायला नको. अलिबागजवळ आजोळी गेल्यावर याच सुडाने तिने वालाचं एक आख्खं झाड मुळासकट उपटलं. मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. तिला वाटलं, झाडाला रोग आहे, बरं झालं. तिने नखाने एक गाठ फोडली आणि आतून निघाला लाल रंग. रक्तासारखा. सूड तिथेच राहिला. मुलगी पुढे वनस्पतिशास्त्राची डॉक्टर झाली आणि आज मरोळच्या एका प्रयोगशाळेत त्याच गाठींवर काम करते.

त्या गाठींचं प्रकरण त्यांनी मला एकदा लिफ्टमध्ये समजावून सांगितलं. लिफ्ट अडकली होती, त्यामुळे मला पळता आलं नाही.

"वालाच्या मुळांत बॅक्टेरिया भाडेकरू म्हणून राहतात," त्या म्हणाल्या. "हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, ते भाडं. झाड त्यांना साखर देतं. गाठ फोडली आणि आत लाल निघाली तर भाडेकरू कामाचा. पांढरी निघाली तर फुकट्या."

"मग फुकट्याचं काय करतं झाड?"

"त्याची हवा बंद करतं. गुदमरवून मारतं."

"अगदी आपल्या सोसायटीसारखं," मी म्हणालो.

"सोसायटीपेक्षा बरं. झाड मीटिंग बोलवत नाही."

त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'झाडे जमिनीखाली एकमेकांशी प्रेमाने बोलतात' हा सूर्योदयाचा फोटो जोडलेला संदेश टाकला, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. पद्मजाताईंनी उत्तर लिहिलं: "प्रेम वगैरे काही नसतं. आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला दारातच ठार मारायचं, यात झाडाचा अर्धा जन्म जातो. सुप्रभात." त्यानंतर सकाळी त्या ग्रुपवर कुणी फुलंसुद्धा पाठवली नाहीत.

त्यांच्या शास्त्राचं नाव सिस्टिम्स बायॉलॉजी. पूर्वीचे लोक एक झाड, एक बॅक्टेरिया घेऊन वर्षानुवर्षं बसायचे. हे लोक सगळंच एकदम मोजतात. मुळातल्या हजारो जीनपैकी कुठला चालू, कुठला बंद. मातीत कोण कोण राहतंय. कुणी किती साखर खाल्ली. मग कॉम्प्युटर त्या सगळ्याचं जाळं विणतो. मी ते जाळं पडद्यावर पाहिलंय. लग्नाच्या हॉलमध्ये कोण कुणाशी बोलत नाही याचा नकाशा काढला, तर डिट्टो तसाच दिसेल.

हे जाळं विणणारा अनिरुद्ध दामले हा पद्मजाताईंचा साहेब. वयाने पस्तिशीचा, बोरिवलीचा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या चहात साखर कमी घातली तरी चालावं. गोड बोलणाऱ्या माणसांचा पद्मजाताईंना मनापासून तिटकारा. "तो 'छान प्रश्न आहे मॅडम' म्हणाला की समजावं, उत्तर त्याच्याकडे नाही," असं त्या म्हणायच्या. प्रत्येक कार्यक्रमात अनिरुद्ध म्हणायचा, "मॅडम म्हणजे आमची इन्स्टिट्यूशन आहेत." सगळे टाळ्या वाजवत. मॅडम तेवढ्या टाळ्यांचा हिशेब मनात ठेवत.

दोघांचं वैर एका वालावरून होतं. गोराईला शेतातल्या एका बाईंकडून पद्मजाताईंनी त्यांच्या घरचं जुनं बियाणं आणलं होतं. आणलं म्हणजे आधी न विचारता बांधावरची माती पिशवीत भरली, मग कुत्रं अंगावर आलं, मग बाई आल्या, मग दीड तास भांडण झालं, आणि शेवटी बाईंनी कंटाळून माती, बियाणं आणि वर दोन वांगी देऊन त्यांना बोटीत बसवलं. या वालाबद्दल पद्मजाताईंचा दावा असा होता की तो फक्त गोराईच्याच बॅक्टेरियाला घरात घेतो. बाजारातल्या जिवाणू खताच्या पाकिटातला परका आला, तर त्याला दारातून हाकलून देतो. हा दावा त्यांनी वर्षानुवर्षं गावोगावच्या परिषदांत उभं राहून, आणि समोरच्याला खाली बसवून, मांडला होता. अनिरुद्धचं जाळं म्हणत होतं की तसं काही नाही, हा वाल कुणालाही घेतो.

शेवटी ठरलं की या हंगामात कुंड्यांमध्ये लावून काय ते एकदाच बघायचं. पद्मजाताई बरोबर निघाल्या तर काम त्यांच्या नावाने पुढे चालणार, नाहीतर दावा मागे घेऊन प्रकल्प बंद. बाईंना घर होतं, पेन्शन मिळाली असती, नंदकिशोर नावाचा आवाज न करणारा नवरा होता. पण हा दावा गेला असता तर नावावर उरलं काय असतं? नुसती भांडणं.

मरोळच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहत होता. म्हणून कुंड्या आल्या मुलुंडला, आमच्या गच्चीवर. आणि गच्चीच्या बरोबर खाली राहत होता आमचा सेक्रेटरी, दत्ताराम परब.

दत्तारामचे वडील गिरणीत होते, आणि संप, मोर्चे, घोषणा हे सगळं या माणसाच्या रक्तात उतरलेलं आहे. फरक एवढाच की वडील मालकाविरुद्ध लढले, हा सभासदांविरुद्ध लढतो. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याला पूर्ण वेळ मिळाला. त्याच्या बेडरूमचं छत गळतं. कुंड्या यायच्या आधीही गळत होतं, पण तेव्हा दोष द्यायला कुणी नव्हतं.

कुंड्या वर चढल्या त्याच संध्याकाळी तो गच्चीवर आला. मीही होतो, कारण कुंड्या मी चढवल्या होत्या. मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"टिपणीसबाई, हे काय आहे?"

"कुंड्या. पूर्वी पाहिल्या नसतील तर जवळ जाऊन बघा."

"गच्ची सगळ्यांची आहे."

"मग माझीही आहे."

"पण गळतं फक्त माझ्याकडे! माझ्या उशीवर पडतं ते काय तीर्थ आहे?"

"उशी सरकवा."

दत्ताराम माझ्याकडे वळला. "तू ह्यांच्या बाजूने का?"

मी म्हणालो, मी कुणाच्याच बाजूने नाही, माझ्या कमरेत उसण भरलीय. दोघांनी माझ्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं. त्या दिवसात दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

कुंड्यांतली माती प्रयोगशाळेतून उकडून आणली होती. म्हणजे आत जिवंत काही नाही, खायलाही फारसं काही नाही. काही कुंड्यांना लाल फीत: त्यांत गोराईचे बॅक्टेरिया. काहींना निळी: त्यांत पाकिटातला परका. काहींना पांढरी: त्यांत कुणीच नाही. पांढऱ्यांनी उपाशी पिवळं पडायचं, हेच त्यांचं काम. ती उपाशी राहिली तरच बाकीच्यांना जेवण कुठून मिळतंय हे कळणार.

आणि सगळं पद्मजाताईंच्या मनासारखं होत गेलं. लाल फितीचे वाल तरारून काठीला वेटोळे घालू लागले. पांढरे पिवळे. आणि निळेही पिवळे! परक्याला दार उघडलं नव्हतं. पद्मजाताई रोज सकाळी वर जाऊन त्या पिवळ्या पानांकडे असं बघायच्या, जसं एखादी आई मुलाच्या बक्षिसाच्या कपाकडे बघते. फोटो अनिरुद्धला जायचे. "काय म्हणतात तुझी जाळी?" असं खाली लिहून. अनिरुद्ध उत्तरात हात जोडलेलं चिन्ह पाठवायचा. ते बघून त्या आणखी भडकायच्या.

मग पिवळे वाल हिरवे व्हायला लागले.

निळे हिरवे झाले. अनिरुद्धला फोटोत दिसलं आणि त्याचा फोन आला. भिंत सामाईक असल्याने मला अर्धं संभाषण मिळालं. "काय? ... परक्याला घेतलंय म्हणतोस? ... घाई करू नकोस, अनिरुद्ध, तुला टक्कल पडण्याचं कारण घाईच आहे!"

त्या तरातरा वर गेल्या. मी मागून. पाहिलं तर पांढरेही हिरवे झाले होते! त्यांच्यात तर कुणीच नव्हतं. पद्मजाताईंनी एक पांढरा वाल उपटला, मुळं बादलीत धुतली आणि चष्मा वर ढकलून बघितली. एकही गाठ नव्हती. भाडेकरू नाही, तरी घरात पैसा खेळतोय.

"कुणीतरी खत घातलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि खरं सांगतो, घाबरलो. "युरिया. आयतं खायला मिळालं की झाड मुळाशी कुणाची पर्वा करत नाही. संपलं. निळ्यांबद्दल आता काही सांगता येणार नाही. माझा हंगाम गेला." मग आवाज परत आला. "परब!"

रविवारच्या सोसायटीच्या सभेत विषय होता पाण्याची टाकी धुण्याचा. पद्मजाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरींनी माझ्या कुंड्यांत युरिया घालून माझा प्रयोग बुडवला आहे. हे टाकीच्या आधी घ्या."

दत्ताराम खुर्चीतून असा उठला की खुर्ची मागे पडली. "युरिया? बाई, युरियाने झाड वाढतं! मला तुमची झाडं मेलेली हवीत! मी वाढवीन कशाला?"

युक्तिवाद बिनतोड होता.

"तुमच्या अकलेचा काय भरवसा? मारायला गेलात आणि वाढली!"

"माझी अक्कल काढू नका! एकतीस तारखेपर्यंत गच्ची रिकामी करा, नाहीतर मी स्वतः एकेक कुंडी खाली नेऊन गेटवर ठेवीन!"

"हात लावून बघा."

"लावीन!"

"त्या हाताने पुन्हा जेवता येणार नाही!"

टाकी धुण्याचा विषय पुढच्या सभेवर गेला. टाकी अजून तशीच आहे.

पुरावा दिला मांजरांनी. आमच्या गच्चीवर मांजरं येत नाहीत, तिथे त्यांच्यासाठी काही नसतं. पण आता चांगली तीन-चार मांजरं फिरायला लागली. आणि ती लाल फितीकडे ढुंकून बघत नव्हती. पांढऱ्या आणि निळ्या कुंड्यांच्याच कडा चाटत होती. पद्मजाताईंनी हे पाहिलं, खाली वाकून एका निळ्या कुंडीचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"बांगडा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, भर दुपारी आम्ही दोघं जिन्याच्या दाराआड उभे राहिलो. थोड्या वेळाने पावलं वाजली. आली दत्तारामची बायको, जानकी. कमरेला पदर खोचलेला, हातात मोठं पातेलं. ती सरळ पांढऱ्या कुंड्यांकडे गेली आणि प्रत्येकीत थोडं थोडं लालसर पाणी ओतायला लागली. ओततानाच मालवणीत बोलत होती. "खा गो बाय, खा. कित्या गो अशी सुकलंस?"

पद्मजाताई दाराआडून बाहेर आल्या. "जानकी!"

जानकीच्या हातून पातेलं निसटता निसटता राहिलं. "आई गे! किती दचकवलंत!"

"हे काय ओततेस?"

"माशे धुवल्याचा पाणी. गावाक आम्ही माडाक घालताव. कडीपत्त्याक घालताव. टाकूचा कित्याक?"

"माझ्या झाडांना का घातलंस?"

जानकीने पातेलं खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती घाबरलेली होती, पण दत्तारामबरोबर तिने संसार केलाय, घाबरून बोलणं थांबवण्याची सवय तिला राहिलेली नाही.

"तुमची ती लाल फितीची बघा कशी माजलीत! आणि ही बिचारी पिवळी पडून मराक टेकली. एकाक जेवण आणि एकाक उपास? माका बघवाक नाय. आमच्या घरात भांडण तुमच्याशी असात, झाडांशी नाय."

पद्मजाताई ओरडल्या, "अगं, त्यांना उपाशीच ठेवायचं होतं!"

"वालाक उपाशी?" जानकी म्हणाली. तिच्या आवाजात असा भाव होता जणू कुणी देवळात चपला घालून आलंय.

त्यानंतर झालेली उलटतपासणी मी विसरणार नाही. कधीपासून घालतेस? किती? कुठल्या कुंडीला जास्त? "जी जास्त पिवळी तिका जास्त." रोज? "रोज कसा? सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे माशे नाय. संकष्टीक नाय." पद्मजाताई लिहीत होत्या. बांगडा कधी, मांदेली कधी, उपास कधी. उपासाच्या वारी झाडांनाही उपास घडत होता, आणि जगात कुठल्या शास्त्रज्ञाने वनस्पतीच्या आहारात संकष्टी नोंदवली असेल असं मला वाटत नाही.

"सगळ्या निळ्यांना घातलंस?"

"सगळ्या. फक्त टाकीच्या मागच्या दोघींका नाय. थंय जाऊचा म्हणजे पायपावर चढाक लागता. माझो गुडघो..."

पद्मजाताईंचं पेन थांबलं. टाकीच्या मागे, गर्दीत जागा उरली नाही म्हणून मी सरकवून ठेवलेल्या दोन निळ्या कुंड्या होत्या. आम्ही पायपावरून पलीकडे गेलो. दोन्ही वाल किरटे, पण हिरवे. जानकीच्या हातचं न खाताही हिरवे.

पद्मजाताईंनी एक उपटला. मुळांवर गाठी होत्या. फार नव्हत्या, पण टपोऱ्या. त्यांनी ब्लेडने एक कापली.

आत लाल होती.

म्हणजे परक्याला आत घेतलं होतं. उशिरा घेतलं, पुरेसं उपाशी राहिल्यावर घेतलं, पण घेतलं. आणि घरी ठेवून कामालाही लावलं. मग त्यांनी जानकीने जेवू घातलेला एक निळा वाल उपटून बघितला. दोन-तीन गाठी, आत पांढऱ्या. पोट भरलेल्याने दार धड उघडलंच नव्हतं.

मलासुद्धा कळलं होतं. पद्मजाताईंचा दावा टाकीमागे दोन कुंड्यांत मरून पडला होता.

तेवढ्यात पातेलं एवढा वेळ वर काय करतंय म्हणून दत्ताराम आला आणि त्याला सगळं समजलं. "माझ्याच घरातून शत्रूला रसद?" तो जानकीला म्हणाला. जानकी म्हणाली, "होय. आणि उद्या बुधवार, उद्याय घालतलंय." दत्ताराम मग पद्मजाताईंकडे वळला. "तुमच्यामुळे माझ्या घरात भांडण लागलं!"

"तुमच्या घरात भांडण माझ्यामुळे लागतं? मी इतकी वर्षं फुकट मेहनत घेतेय का!"

पण मन नव्हतं त्यांचं त्यात. कुंड्या उद्याच खाली नेते, असं त्या म्हणाल्या. दत्तारामला जिंकल्याचा आनंद होईना. समोरचा असा मधेच सोडून गेला की लढणाऱ्याची पंचाईत होते.

खाली उतरताना मी म्हणालो, "ताई, एक बोलू? त्या दोन कुंड्या मरोळच्या कुणी पाहिलेल्या नाहीत. बाकीचा प्रयोग माशाच्या पाण्याने बिघडला, हे तर खरंच आहे. तेवढंच सांगा. पुढच्या हंगामात परत करू म्हणा. कदाचित मागतील तेवढा वेळ."

त्या जिन्यात थांबल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्यांनी बराच वेळ विचार केला. खरोखर विचार केला, हे मला दिसलं. चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "उद्या आमची गाडी काढू. मरोळला जायचंय. आणि त्या दोन कुंड्या तुझ्या मांडीवर."

गाडी नंदकिशोरने चालवली, एक शब्द न बोलता. लिंक रोडवर खड्डा आला की कुंडीतली माती माझ्या शर्टात जायची आणि मागून आवाज यायचा, "सांभाळ! ते तुझ्यापेक्षा महाग आहेत!"

प्रयोगशाळेत अनिरुद्ध खोलीत एकटाच होता. हसून उठला. "मॅडम, या या. काय मस्त..."

"मस्त बिस्त काही नाही. बस." त्यांनी सगळं सांगितलं. बांगडा, संकष्टी, टाकी, गुडघा. कापलेली लाल गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "माझा दावा खोटा आहे. लिही."

अनिरुद्धने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग अतिशय सौम्यपणे म्हणाला, "मॅडम, दोन कुंड्या आहेत. दोन कुंड्यांवरून आपण काही म्हणू शकत नाही. सावलीत होत्या, जागा वेगळी. मला वाटतं, हे वगळूया. हंगाम बिघडला असं धरू, मी वर बोलतो, आणखी एक वर्ष मिळवतो तुम्हाला."

म्हणजे मी जिन्यात जे सुचवलं होतं, तेच. फक्त साखर घालून.

पद्मजाताईंनी टेबलावर हात आपटला. भिंग हललं. "वगळूया? लाल गाठ वगळूया? माझ्या बाजूने असती तर वगळली असतीस का?"

"मॅडम, मी तुमच्या भल्यासाठी..."

"माझं भलं कुणी मागितलं तुझ्याकडे? मी चुकलेय. मी सांगतेय तुला की मी चुकलेय. इतकी वर्षं तुला हेच ऐकायचं होतं ना? आता मान्य करायला काय धाड भरलीय तुला?"

"पण दोन कुंड्या..."

"माझ्याविरुद्ध जात असेल तर दोन पुरेत! बाकीच्यांच्यात झाड किती जेवलं होतं ते माझ्याकडे लिहून आहे. ते टाक तुझ्या जाळ्यात. भूक टाक! तुझ्या जाळ्यात सगळं आहे, हजारो जीन आहेत, मातीतल्या किड्यांच्या आयांची नावं आहेत, भूकच नाहीये!"

हे त्याला लागलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच गोड राहिला नाही. "भूक नाहीये कारण तुम्ही कधी दिलीच नाहीत! तुमच्या सगळ्या कुंड्या आजवर सारख्या खताच्या होत्या. मी हवेतून आणू?"

"आणायची होतीस! विचारायचं होतंस!"

"तुम्हाला विचारायचं? तुम्हाला विचारायचं म्हणजे घरी मृत्युपत्र करून यावं लागतं!"

"मग करायचं होतंस!"

नंदकिशोर आणि मी खोलीच्या कोपऱ्यात कुंड्या मांडीवर घेऊन बसलो होतो. नंदकिशोर माझ्या कानात म्हणाला, "छान चाललंय." सबंध दिवसात तो एवढंच बोलला.

मग गच्चीवरच्या बाकीच्या कुंड्याही मरोळला आल्या. सगळ्यांची मुळं कापून, धुऊन, आत पाठवली गेली. काम पुरं व्हायला बरेच दिवस लागले. मला पुन्हा बोलावलं गेलं, का ते कळलं नाही. बहुधा साक्षीदार म्हणून. अनिरुद्धने जाळं पडद्यावर आणलं आणि त्यात भुकेचा आकडा घातला. नातेवाइकांचा तो गुंता हलला, सरकला, आणि दोन गोटांत फुटला. पोट भरलेल्या वालांचे दाराचे जीन बंद. उपाश्यांचे उघडे, गोराईच्यासाठी आधी आणि परक्यासाठी नंतर. मला त्यातले फक्त रंग कळले. अनिरुद्धला सगळं कळत होतं, कारण तो खुर्चीत पुढे सरकून बसला आणि हात जोडलेलं चिन्ह वगैरे पूर्ण विसरून गेला.

"हे दोन कुंड्यांवर उभं नाहीये आता," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "बाकीच्याही तेच म्हणतायत. जेवढं माशाचं पाणी कमी, तेवढं दार उघडं." मग तो मॅडमकडे वळला. "मॅडम. तुम्ही चुकलात."

पद्मजाताई खुर्चीत मागे टेकल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेलं एक बोलणं त्या क्षणी त्यांच्या नावावरून पुसलं गेलं होतं, आणि ते त्यांना दुखत होतं, हे दिसत होतं.

"मोठ्याने म्हण," त्या म्हणाल्या.

"तुम्ही चुकलात, मॅडम."

"हं. आता कसं." त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि बोट सरळ त्याच्या जाळ्यावर ठेवलं. "आता तू कुठे चुकलास ते बघू. हा वाल कुणालाही घेतो म्हणाला होतास. कुणालाही? भरल्या पोटी? दाखव. कुठे आहे 'कुणालाही'? इथून सुरुवात कर."

अनिरुद्धने शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या आणि पहिल्यांदाच 'छान प्रश्न आहे' म्हटलं नाही. आम्ही निघालो तेव्हा दोघांचे आवाज लिफ्टपर्यंत ऐकू येत होते. काम पुढे चालू ठेवायचं ठरलंय, दोघांच्या नावाने. कुणाचं नाव आधी यायचं, यावर भांडण सुरू आहे.